गोड्या पाण्याचं फूल : कुमुद, विहिरी आणि शहराची भीती

आजचा विषय पाहून काही जणांनी आम्हाला विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञान सोडून बागकाम कधीपासून?’ उत्तर सोपं आहे. आमच्या वरळी कोळीवाड्यातल्या अंगणात सिमेंटची एक छोटी टाकी आहे. तिच्यात वॉटर लिली लावली आणि त्या टाकीनंच आम्हाला मुंबईच्या इतिहासात नेऊन सोडलं.

कोळीवाडा म्हणजे समुद्रात शिरलेलं जमिनीचं टोक. एका बाजूला माहीमची खाडी, दुसरीकडे अरबी समुद्र. डोळ्यांसमोर पाणीच पाणी, पण सगळं खारं. वॉटर लिलीला मात्र गोडं आणि संथ पाणी लागतं. म्हणून इथे ती लावायची म्हणजे आधी गोड्या पाण्याचा विचार करायचा.

प्रथम नावांचा घोळ मिटवू. आपण सरसकट ‘कमळ’ म्हणतो. खऱ्या कमळाचं पान आणि फूल देठावर पाण्याच्या बरंच वर उभं राहतं. वॉटर लिलीचं पान पाण्यावर पसरतं आणि देठाशी त्याला चीर असते. वनस्पतिशास्त्रात ही दोन अगदी वेगळी कुळं आहेत. गंमत अशी, की संस्कृत कवींनी हा भेद केव्हाच ओळखला होता. सूर्यानं उमलतं ते कमळ, चंद्रानं उमलतं ते कुमुद. हा नुसता कवितेतला संकेत नाही. आपल्याकडच्या पांढऱ्या लिलीची एक जात खरोखरच रात्री उमलते आणि सकाळ चढली की मिटते. निळी जात दिवसा उमलते. ज्यांनी ही नावं दिली, ते तळ्याकाठी रात्रीही बसले असणार.

आता थोडं बाहेर जाऊ. फ्रान्समध्ये लातूर-मार्लियाक नावाच्या रोपवाटिकाकारानं थंडीला टिकणाऱ्या रंगीत लिली तयार केल्या आणि 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या. चित्रकार मोने त्यांच्या प्रेमात पडले. 1893 मध्ये त्यांनी जिव्हर्नी गावात तळ्यासाठी जागा घेतली, तेव्हा गावकऱ्यांनी हरकत घेतली : ही परदेशी झाडं नदीचं पाणी नासवतील, आमची गुरं हेच पाणी पितात. मोने यांना सरकारदरबारी अर्ज करावे लागले. पुढे त्याच तळ्याची चित्रं जगभर गेली. आज आपण त्या गावकऱ्यांना हसतो. पण हसण्याची घाई करू नये, कारण हाच प्रश्न थोड्याच वर्षांत मुंबईत उभा राहिला, आणि इथली भीती खरी होती.

धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक. या नावांत तळी आहेत, जमिनीवर नाहीत. गोवालिया टँकवर गुराखी गुरं पाण्याला आणत. 1942 मध्ये ‘चले जाव’ची घोषणा झाली तोवर तिथे मैदान झालं होतं. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं आणि जुन्या तळ्या-विहिरींची गरज ओसरू लागली. 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दाखवले. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईच्या हिवतापावरचा अहवाल आला. त्याचा रोख स्पष्ट होता : शहरात हिवताप पसरवणारा डास दूरच्या दलदलीत नाही, तुमच्या घरातल्या विहिरीत आणि टाकीत वाढतो.

मग विहिरी बुजवण्याची किंवा डास शिरणार नाही अशा बंद करण्याची मोहीम सुरू झाली. लोक अस्वस्थ झाले. विहिरीत देवता आहे, तिच्यावर आकाश हवं, सूर्यकिरण पडायला हवेत, अशी अनेकांची श्रद्धा होती. तेव्हाचे महापालिकेचे चिटणीस रुस्तम मसानी यांना या हरकतींत मोठा ठेवा दिसला आणि 1918 मध्ये विहिरींच्या लोककथांवर त्यांचं पुस्तक आलं. प्रशासनात बसलेल्या माणसानं हरकतींकडे असंही पाहिलं, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला आरोग्य. खरं कोण? आमची टाकी म्हणते, दोन्ही अपुरे. हे आम्ही चूक करून शिकलो. पहिल्या वर्षी शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘सर, मातीत मासळीची डोकी पुरा, झाड कसं तरारतं बघा.’ आम्ही उत्साहानं नको तितकी पुरली. पाणी नासलं, टाकीतले गप्पी मासे मेले आणि आम्ही आठ-दहा दिवस गावाला गेलो. परत आलो तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. तपासनीस आले, त्यांनी बोट दाखवलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचंच बरोबर होतं.

आता काय करतो ते सांगतो. पसरट कुंडीत नुसती चिकणमाती, वर वाळूचा थर. कंदाचा कोंब मातीबाहेर. कोंबावर वीतभर ते हातभर पाणी. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग ओतायचं. पाच-सहा तास ऊन. पिवळं पान दिसलं की देठासकट काढायचं, ते कुजलं की पाणी बिघडतं. पानांनी निम्मं पाणी झाकलं की शेवाळ आटोक्यात राहतं, पण पूर्ण झाकू द्यायचं नाही. आणि गप्पी मासे हवेतच. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून मासे जिवंत आहेत ना, हे रोज पाहायचं. एक फूल तीन-चार दिवस उघडतं, मिटतं आणि मग पाण्याखाली जातं.

चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर 1725 ची. समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी, आणि ती आजही आहे. ती टिकली याला श्रद्धा कारण झालीच, पण त्या श्रद्धेनं रोज झाडणारे, पाहणारे हातही दिले. जिथे हात आटले तिथे पाणी धोक्याचं झालं, आणि मग ते बुजवणं हाच शहाणपणा ठरला. आपण पाणी बुजवतो तेव्हा डासाबरोबर रोज बघण्याची सवयही बुजवतो.

तेव्हा घरी लिली लावायची असेल तर आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : उद्या सकाळी या पाण्यात डोकावणार कोण? उत्तर मिळालं तर जरूर लावा. नाही मिळालं, तर बाजारातून फूल आणा. त्यात कमीपणा काही नाही.

आता प्रश्न घेऊ.