तातेवचा मठ आणि त्याची गावे



आर्मेनियाच्या दक्षिणेस स्युनिक नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथे व्होरोतान नदीच्या खोल दरीवर, कड्याच्या अगदी टोकाशी तातेवचा मठ उभा आहे. संत पॉल व संत पीटर यांच्या नावाचे त्यातील मुख्य मंदिर ८९५ ते ९०६ या काळात बांधले गेले. आवारात सुमारे आठ मीटर उंचीचा एक अष्टकोनी स्तंभ आहे. त्याला ‘गवझान’, म्हणजे दंड, असे म्हणतात. धरणी हलली की हा स्तंभ डुलावा आणि पुन्हा सरळ व्हावा, अशी करामत कारागिरांनी साधली होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस येथे विद्यापीठ भरभराटले. ग्रिगोर तातेवात्सीसारखा तत्त्वज्ञ तेथे शिकवीत होता.

ही कीर्ती रास्तच आहे. परंतु हे सारे कोणाच्या जिवावर चालले, हा प्रश्न विचारल्यावाचून इतिहास पुरा होत नाही.

आपल्याकडील देवस्थान इनामांप्रमाणे स्युनिकच्या सरदारांनी मठाला गावेच्या गावे दान दिली. दान देणाऱ्याला पुण्य लागले आणि घेणाऱ्याला उत्पन्न मिळाले. गावकऱ्यांना मात्र कोणी विचारले नाही. दहाव्या शतकात त्सुराबेर्द, तामालेक, आवेलादाश्त या गावांनी मठाचा अंमल झुगारून दिला. दंगे मोडले, पुन्हा उसळले. अखेर वासाक राजाने त्सुराबेर्द जाळून टाकले.

या बंडांना काही सरदारांची आतून फूस होती, असे सांगतात. असेल. प्रत्येक लढ्यात बाहेरचा चिथावणीखोर शोधण्याची रीत जुनीच आहे. पण मी कामगारांत काम केलेला माणूस आहे. फूस लावून एखादा दिवस दगड मारवता येतील. पिढ्यान्‌पिढ्या माणसे झुंजत राहतात, तेव्हा त्यांचे स्वतःचे काही दुखणे असते.

ही हकीकत आपल्याला कळते ती स्तेपानोस ओर्बेलियान याच्या ग्रंथातून. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्युनिकचा इतिहास लिहिणारा हा पुरुष सरदार घराण्यातला आणि त्याच प्रांताचा धर्माधिकारी! त्याचा ओढा अर्थातच मठाकडे. गावकऱ्यांनी स्वतः लिहिलेले काही आपल्या हाती नाही. संपाची हकीकत पुष्कळदा मालकाच्याच दप्तरात सापडते, तसेच हे आहे. म्हणून असे दप्तर फेकून देऊ नये. ते उलट बाजूने वाचायला शिकावे.

पुढे मठावरही आपत्ती आल्या. सेल्जुकांच्या स्वाऱ्या झाल्या, भूकंप झाले, तैमूरची धाड आली. १९३१ च्या भूकंपात मुख्य मंदिराचा घुमट आणि घंटाघर कोसळले व मठ पडका झाला. नंतरच्या दशकांत सोव्हिएत राजवटीत दुरुस्तीस आरंभ झाला आणि मंदिर पुन्हा उभे राहिले. २०१० साली दरीवरून सुमारे पावणेसहा किलोमीटर लांबीचा रज्जुमार्ग सुरू झाला. आता प्रवासी थोड्या मिनिटांत मठाशी पोहोचतात.

त्यांनी तो स्तंभ पाहावा, त्या कारागिरीला नमस्कारही करावा. विद्वानांची नावे तेथे आदराने घेतली जातात, ती घेतलीच पाहिजेत. त्यांच्याबरोबर त्सुराबेर्द हे जळलेल्या गावाचे नावही घेतले जावे, एवढेच माझे मागणे आहे. त्या विद्वानांची भाकरी अशाच गावांच्या शेतांत पिकत होती.