नवलकिशोरांची नोकरी आणि घरचे मासिक : अब्दुल हलीम शरर यांची गोष्ट

‘पुस्तक स्वखर्चाने छापलंय’ असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव उमटतो. म्हणजे प्रकाशकाने नाकारलं असणार, म्हणजे दर्जा नसणार, म्हणजे लेखकाला हौस भारी! आपल्याकडे, विशेषतः मराठी मुस्लीम लेखकांच्या वाट्याला हा भाव बऱ्याचदा येतो. कारण आपली बरीच पुस्तकं लेखकाच्याच पगारातून, पी.एफ.च्या कर्जातून, नाहीतर मित्रांच्या वर्गणीतून छापली गेली आहेत.

या समजुतीला इतिहासाचा आधार आहे का, हे एकदा तपासून पाहायला हवं. त्यासाठी उर्दूतल्या एका प्रेमकथाकाराकडे जाऊया. अब्दुल हलीम शरर हे त्यांचं नाव. जन्म 1860, मृत्यू 1926. गाव लखनौ. उर्दूत ऐतिहासिक प्रेमकादंबरी रुजवली ती त्यांनीच. शरर यांनी त्या काळच्या सर्वांत मोठ्या छापखान्याची नोकरी केली आणि नंतर स्वतःचं मासिक काढून त्यात आपल्या कादंबऱ्या छापल्या. दोन्ही पाणी चाखलेला हा माणूस आहे.

छापखान्याचे मालक आणि पगारी लेखक

1857 च्या उठावानंतर लखनौ उद्ध्वस्त झालं होतं. नवाब वाजिद अली शाह त्याआधीच, 1856 मध्ये पदच्युत होऊन कलकत्त्याला गेले होते. अशा शहरात 1858 साली मुन्शी नवलकिशोर यांनी छापखाना उभारला. काही वर्षांतच तो हिंदुस्थानातला एक प्रचंड छापखाना झाला. कुराण, हदीस, फिकह, फारसी दिवाण, हिंदू धर्मग्रंथ, वैद्यकाची पुस्तकं, शाळेची पुस्तकं असं सगळं तिथे छापलं जाई. ‘अवध अखबार’ हे त्याच छापखान्याचं वृत्तपत्र.

उर्दूची छपाई तेव्हा शिळाछापाची होती. कातिब म्हणजे सुलेखनकार. तो तेलकट शाईने खास कागदावर मजकूर लिहायचा, तो मजकूर दगडावर उतरवायचा आणि त्या दगडावरून प्रती काढायच्या. मराठीतही 1831 मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापानेच सुरुवात केली होती. पुढे मराठी खिळ्यांकडे वळली. उर्दू मात्र नस्तालीक लिपीच्या वळणामुळे दगडाला कितीतरी अधिक काळ चिकटून राहिली. दगड, कातिब, कागद आणि कामगार हे सगळं ज्याच्याकडे, तोच मालक. लेखक त्याच्याकडे पगारावर असायचा.

या व्यवस्थेने उर्दूला एक अफाट पुस्तक दिलं. पंडित रतननाथ सरशार 1878 मध्ये ‘अवध अखबार’चे संपादक झाले आणि त्याच वर्षअखेरीस त्यांचं ‘फसाना-ए-आझाद’ हप्त्याहप्त्याने येऊ लागलं. लोक अखबाराची वाट बघू लागले, ती आझाद आणि खोजी यांच्या करामतींसाठी. नंतर ते पुस्तकरूपात चार जाडजूड खंडांत आलं. सरशार यांना वाचक मिळाला, नाव मिळालं, पगार मिळाला. पण दगडही नवलकिशोरांचा, अखबारही त्यांचाच. एवढ्या लांबलचक पुस्तकाचा ढिसाळपणा सगळेच टीकाकार दाखवतात. त्याचं एक कारण तिथेच आहे : अखबार निघायचा, त्यातली जागा भरायची, थांबून विचार करायला वेळ नाही.

यात नवलकिशोरांना खलनायक करायची गरज नाही. त्यांनी भांडवल घातलं नसतं तर ‘फसाना-ए-आझाद’ लिहिलंच गेलं नसतं.

मटियाबुर्जचा मुलगा

शरर यांचे वडील वाजिद अली शाहच्या दरबारी होते. नवाबाने कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज इथे एक छोटं लखनौच वसवलं होतं. शरर यांचं पोरवय तिथे गेलं. कानावर लखनवी जबान आणि बाजूला इंग्रजांचं कलकत्ता! या दोन जगांच्या सांध्यावर हा मुलगा वाढला. पुढे त्यांच्या लेखणीत जो हरवलेल्या वैभवाचा ध्यास दिसतो, त्याचं बीज इथे आहे.

लखनौला परतल्यावर 1880 च्या सुमारास ते ‘अवध अखबार’च्या संपादकवर्गात दाखल झाले. म्हणजे सरशार यांनी गाजवलेल्या त्याच दारात. तिथे त्यांचे निबंध नावाजले गेले. अखबाराने त्यांना प्रतिनिधी म्हणून हैदराबादलाही पाठवलं. पण काही वर्षांतच त्यांनी नोकरी सोडली. ‘दिलचस्प’ नावाची कादंबरी लिहिली. बंकिमचंद्रांच्या ‘दुर्गेशनंदिनी’चा इंग्रजीवरून उर्दू अनुवाद केला. आणि जानेवारी 1887 मध्ये लखनौहून स्वतःचं मासिक काढलं : ‘दिलगुदाज’. काळीज वितळवणारा, असा त्या शब्दाचा अर्थ.

टपालखात्याने दिलेलं बळ

नोकरी सोडून मासिक काढायचं धाडस तेव्हाच का शक्य झालं? उत्तर वाङ्मयात सापडत नाही, टपालखात्यात सापडतं. 1877 मध्ये व्ही.पी. सुरू झाली. पुस्तक पोस्टमनने न्यायचं, पैसे घ्यायचे आणि लेखकाकडे पोहोचवायचे. 1880 मध्ये मनीऑर्डर टपालखात्याकडे आली. रेल्वेचं जाळं पसरत होतंच. आता लखनौच्या गल्लीत बसलेला माणूस लाहोर, पाटणा किंवा हैदराबादच्या वाचकाकडून परस्पर वर्गणी मागवू शकत होता. मध्ये दुकानदार नको, मालकही नको. वाचकाने आगाऊ भरलेली वर्गणी हेच भांडवल. आज आपण ज्याला ‘प्री-बुकिंग’ म्हणतो ते हेच.

1888 पासून शरर यांनी ‘दिलगुदाज’मधून कादंबरीचे हप्ते द्यायला सुरुवात केली. पहिली कादंबरी ‘मलिकुल अझीझ वर्जिना’. तिची जन्मकथा प्रसिद्ध आहे. सर वॉल्टर स्कॉट यांची क्रुसेडवरची ‘द टॅलिस्मन’ (1825) शरर यांनी वाचली आणि तिच्यातलं मुसलमानांचं चित्र त्यांना झोंबलं. त्यांनी उत्तर म्हणून त्याच युद्धांवर स्वतःची प्रेमकथा लिहिली. नायक सलाहुद्दीनचा मुलगा, नायिका ख्रिस्ती. लगेच पुढच्या वर्षांत ‘हसन अँजेलिना’ आली, ‘मन्सूर मोहना’ आली. नावं पाहा! दोन नावांच्या जोडीतच अख्खी गोष्ट आहे.

1857 नंतर खचलेल्या उत्तर हिंदुस्थानी मुसलमान वाचकाला या कथांनी काय दिलं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. घोडदौड, तलवार, शौर्य आणि इश्क! हरलेल्या माणसाला जिंकल्याची स्वप्नं हवी असतात.

स्वातंत्र्याची किंमत

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता कडू बाजू.

पहिली बाजू साहित्याची. दर महिन्याला हप्ता गेलाच पाहिजे. मालकाची घाई गेली, तिच्या जागी वर्गणीदाराची घाई आली. हप्ता वाचून ‘हे पुन्हा लिहा’ म्हणणारा संपादक नाही, कारण संपादकही शररच. त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या एकमेकींसारख्या होत गेल्या. तोच शूर मुसलमान नायक, तीच त्याच्यावर भाळणारी परधर्मीय नायिका. मुसलमान नायिका आणि परधर्मीय नायक अशी उलटी जोडी मात्र दिसत नाही. स्कॉटला उत्तर देता देता शरर यांनी स्कॉटचाच साचा उलटा करून वापरला, हे उर्दू टीकाकारांनी स्पष्ट सांगितलं आहे. वाचकाला जे आवडतं तेच पुरवत राहायचा मोह स्वतःच्या मासिकात अधिक असतो, कारण नापसंतीचा हिशोब थेट आपल्या खिशाशी असतो.

दुसरी बाजू पोटाची. ‘दिलगुदाज’ सलग चाललं नाही. बंद पडलं, पुन्हा निघालं, कधी लखनौहून तर कधी हैदराबादहून. शरर यांना वारंवार निजामाच्या राज्यात नोकरी धरावी लागली. तिथल्या एका अमीराच्या मुलासोबत ते 1890 च्या दशकात इंग्लंडलाही राहून आले. आपला मराठवाडा ज्या राज्यात होता, त्याच राज्याच्या पगारावर उर्दूचा हा स्वतंत्र लेखक उभा होता. आणि पगार आला की बंधनं येतात. हैदराबादेत हजरत सकीना बिन्त हुसैन यांच्यावरच्या त्यांच्या लिखाणावरून मोठा वाद पेटला. मासिक तुमचं असलं तरी ज्या गावात भाकरी मिळते त्या गावाचा राग सोसावाच लागतो.

तरीही काय हाती लागलं?

मग शरर यांनी नोकरीच केली असती तर बरं झालं असतं का? मला तसं वाटत नाही. कारण त्यांच्या ज्या कामांना आज मोल आहे, ती कुठल्याही मालकाने सांगून करून घेतली नसती.

1899 ची ‘फिरदौस-ए-बरीं’ घ्या. आलमूतच्या किल्ल्यातली खोटी जन्नत, तिच्या मोहात पडून खुनी बनलेला हुसैन, त्याची प्रेयसी जमुर्रद आणि भक्ताला आंधळं करणारा शेख अली वजूदी. शेवटी हलाकूच्या फौजा येतात आणि ती जन्नत जमीनदोस्त होते. इथे शरर यांचा साचा मोडला. शत्रू बाहेरचा उरला नाही. धर्माच्या नावाने तरुणांची डोकी भडकवणाऱ्या आपल्याच माणसांवर त्यांनी बोट ठेवलं. सव्वाशे वर्षांनीही ही कादंबरी जुनी वाटत नाही.

1900 मध्ये त्यांनी ‘पर्दा-ए-इस्मत’ हे पत्र काढलं आणि पडद्याच्या रूढ पद्धतीविरुद्ध लिहिलं. ‘बद्रुन्निसा की मुसीबत’मध्ये बुरख्यामुळे नववध्वांची अदलाबदल होते, अशी गोष्ट त्यांनी सांगितली. ‘दिलगुदाज’मधून त्यांनी उर्दूत निर्यमक कवितेचा पुरस्कार केला. यातली एकही गोष्ट तेव्हा खपाची नव्हती.

आणि ‘गुजिश्ता लखनौ’! 1913 च्या सुमारास ‘दिलगुदाज’मध्ये ही लेखमाला सुरू झाली आणि कित्येक वर्षं चालली. स्वयंपाक, पतंग, कबुतरं, पोशाख, संगीत, बोलण्याची रीत, मर्सिया, मिठाई... एका बुडालेल्या शहराची ही वही आहे. ती 1975 मध्ये इंग्रजीत गेली आणि जगभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर पोहोचली. कोणत्या प्रकाशकाने एखाद्या लेखकाला सांगितलं असतं की, ‘बाबा रे, पाच-सहा वर्षं कबुतरांबद्दल आणि बिर्याणीबद्दल लिही, आम्ही छापतो’? घरचं मासिक होतं म्हणून ते झालं. शरर ते जवळजवळ अखेरपर्यंत काढत राहिले.

तिकडे पुण्यात

मराठी वाचकाला हे सारं ओळखीचं वाटायला हवं. शरर यांच्याच काळात पुण्यात हरि नारायण आपटे होते. त्यांची ‘मधली स्थिती’ 1885 पासून ‘पुणे वैभव’ या दुसऱ्याच्या पत्रात आली. 1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं. ‘पण लक्षात कोण घेतो!’ आणि ‘उषःकाल’ या कादंबऱ्या त्यातूनच हप्त्याहप्त्याने लोकांपुढे आल्या. म्हणजे मराठी कादंबरीचा पाया ज्यांनी घातला तेही आजच्या भाषेत ‘स्वतःच छापणारे’ लेखक!

आणखी एक साम्य. आपटे आनंदाश्रम या संस्थेचा कारभार सांभाळत होते. ही संस्था त्यांच्या चुलत्यांनी स्थापली होती. शरर यांना हैदराबाद, आपट्यांना आनंदाश्रम. एक पाय पक्क्या जमिनीवर ठेवून त्यांनी दुसरा पाय पुढे टाकला. केवळ पुस्तकांवर जगण्याची भाषा करणाऱ्या नव्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावं. नोकरी करत लिहिणं ही शरमेची बाब नाही, ती आपल्या भाषांची जुनी रीत आहे.

आपल्यासाठी काय?

हक्काचा कायदा शरर यांच्या आधीपासून होता. हिंदुस्थानात 1847 चा कॉपीराइट कायदा होता आणि पुस्तकांच्या नोंदणीचा 1867 चा. आज 1957 चा कायदा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांचा. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्कांचं हस्तांतर पाच वर्षांचंच मानलं जातं. आपल्यातल्या किती लेखकांना हे ठाऊक असतं? प्रकाशक मिळाला या आनंदात पुढे आलेल्या कागदावर सही होते. प्रकाशकाकडे जरूर जावं, पण कागद वाचून. स्वतः छापावं, पण आधी चार कठोर माणसांना हस्तलिखित दाखवून. शरर यांच्या दोन्ही अनुभवांतून मला एवढं व्यावहारिक शहाणपण मिळतं.

1990 मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून आपल्यात लिहिणारे वाढले. त्यांची पुस्तकं मात्र घराच्या माळ्यावर गठ्ठ्यांनी पडून असतात, कारण आपण ती ‘सप्रेम भेट’ म्हणून घेतो. प्रकाशन समारंभाला जातो, बिर्याणी खातो, लेखकाची सही घेतो आणि पैसे विचारत नाही. ‘दिलगुदाज’ बंद पडूनही पुन्हा पुन्हा उभं राहिलं, ते कुठल्या नवाबाच्या देणगीवर नव्हे. शेकडो मैलांवरून कुणीतरी पोस्टात जाऊन मनीऑर्डरचा फॉर्म भरत होतं. पुढच्या वेळी एखाद्या लेखकाने आपल्या हातात पुस्तक ठेवलं, तर ते उलटं करून मागच्या बाजूची किंमत बघा आणि तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवा.