सूर्यप्रकाशाचे मोल आणि परतफेडीची मुदत

घराच्या गच्चीवर सौरफलक बसवू इच्छिणारा गृहस्थ विक्रेत्यास प्रथम जो प्रश्न विचारतो, तो विज्ञानाचा नसून जमाखर्चाचा असतो. घातलेले पैसे किती वर्षांत वसूल होतील, एवढेच त्यास जाणून घ्यावयाचे असते. आज या प्रश्नास तीन, चार किंवा पाच वर्षे असे उत्तर मिळते, आणि ते इतक्या सहजतेने दिले जाते की सत्तर वर्षांपूर्वी ह्याच प्रश्नाचे उत्तर कित्येक मनुष्यजन्मांच्या मुदतीत मोजावे लागले असते, याचा विचारणाऱ्यास व सांगणाऱ्यास सारखाच विसर पडलेला असतो. ही मुदत कशी आटत गेली याचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की तिचे श्रेय एकट्या प्रयोगशाळेचे नाही. न्याय्य दर ठरविणारा कायदा, दीर्घ मुदतीचे कर्ज आणि काही नगरांतील सामान्य वीजग्राहकांनी उचललेला भार, या तिहींचा त्यात मोठा वाटा आहे.

प्रकाशापासून विद्युत् उत्पन्न होते हे फ्रान्सच्या एडमंड बेकेरेल याने १८३९ मध्येच दाखविले होते, आणि १८८३च्या सुमारास न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्स याने सेलेनियमचे फलकही बनविले होते. परंतु पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम शंभरावा हिस्सा वीज म्हणून हाती लागत असल्यामुळे ते कुतूहलाचे विषय होऊन राहिले. व्यवहारोपयोगी सौरघटाचा जन्म २५ एप्रिल १९५४ या दिवशी जगजाहीर झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर व जेराल्ड पिअर्सन या तिघा संशोधकांनी सिलिकॉनचा असा घट सिद्ध केला की प्रकाशाचा सुमारे सहा टक्के अंश त्यातून विजेच्या रूपाने बाहेर पडू लागला. वृत्तपत्रांनी या शोधाचा मोठा जयघोष केला. पण चॅपिन स्वतः हिशेबी मनुष्य होता. एका वॅटच्या घटास २८६ डॉलर पडतात, तेव्हा सामान्य अमेरिकन घराची गरज भागवावयाची तर १९५६च्या भावाने गृहस्थास चौदा लाख तीस हजार डॉलर मोजावे लागतील, असे त्याने मांडून दाखविले. एवढ्या रकमेचे नुसते व्याजच त्या घराच्या विजेच्या देयकाहून कितीतरी अधिक झाले असते, आणि जिथे व्याज भागत नाही तिथे मुद्दल फिटण्याची गोष्टच नको.

जी वस्तू घरास परवडत नव्हती ती अंतराळास परवडली, कारण तेथे दुसरा उपायच नव्हता. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने सोडलेल्या व्हॅनगार्ड या लहानशा उपग्रहातील रासायनिक विद्युत्‌घट काही आठवड्यांत संपुष्टात आले, मात्र सौरघटांवर चालणारा प्रक्षेपक १९६४ पर्यंत संदेश धाडीत राहिला. अंतराळात किमतीची पर्वा कोणास नसल्यामुळे या उद्योगास आश्रय मिळाला, तरी त्याच कारणाने भाव उतरण्याची निकडही कोणास भासली नाही. ती भासली एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञास. एक्सॉन या तेलकंपनीच्या आश्रयाने काम करताना त्याने संगणक उद्योगाने टाकून दिलेल्या सिलिकॉनच्या चकत्या उपयोगात आणल्या, बांधणी साधी केली, आणि १९७३च्या सुमारास वॅटचा भाव शंभर डॉलरांवरून वीस डॉलरांपर्यंत खाली आणला. या भावात घर उजळणे अशक्यच होते. परंतु समुद्रातील तेलविहिरींचे इशाऱ्याचे दिवे, नौकांना वाट दाखविणारे तरते दीप, ओसाड प्रदेशातील रेल्वेचे सिग्नल, अशा स्थळी जेथे वारंवार विद्युत्‌घट बदलावयास माणसे धाडणेच महाग होते, तेथे सौरफलकाने आपली किंमत प्रथमच पुरती वसूल करून दिली.

घराच्या छपरावर हा व्यवहार आणण्याचा मार्ग स्वित्झर्लंडमधील मार्कुस रेआल या अभियंत्याने १९८०च्या दशकात दाखविला. विस्तीर्ण भूमीवर मोठे सौरकेंद्र उभारण्यापेक्षा घरांची छपरे आयतीच उपलब्ध असताना भूमीचा व आधारबांधणीचा खर्च का करावा, असा त्याचा सवाल होता. त्याने झुरिकमधील ३३३ घरमालकांना प्रत्येकी तीन किलोवॅटची सामग्री घेण्यास राजी केले, आणि दिवसा उरलेली वीज तारांच्या जाळ्यात सोडावी व रात्री त्यातूनच परत घ्यावी ही व्यवस्था घराघरांत रुजवून दाखविली. महागडे विद्युत्‌घट बाळगण्याची गरज त्यायोगे टळली. तरीसुद्धा या घरमालकांनी खर्च केला तो मुख्यतः हौसेपोटी व पर्यावरणाविषयीच्या निष्ठेपोटी. परतफेडीचा भरवसा त्यांना कोणी दिला नव्हता.

तो भरवसा जर्मनीतील काही नगरांनी दिला, आणि या इतिहासातील सर्वांत आदरणीय प्रकरण मला तेच वाटते. १ जानेवारी १९९१ पासून अमलात आलेल्या जर्मन कायद्याने वीज कंपन्यांवर सौरविजेची खरेदी बंधनकारक केली होती खरी, पण ग्राहकांच्या सरासरी दराच्या ९० टक्के एवढ्याच भावाने ती घेतली जात असल्यामुळे फलकाचा खर्च निघणे असंभव होते. आखेन नगरातील वोल्फ फोन फाबेक व त्यांच्या सौरऊर्जा मंडळाने असा आग्रह धरला की जो नागरिक सर्वांच्या हिताची वीज निर्माण करतो त्यास उत्पादनखर्च भरून निघेल असा दर मिळाला पाहिजे, आणि त्याचा बोजा सर्व ग्राहकांनी थोडा थोडा वाटून घेतला पाहिजे. वीज कंपनीचा विरोध व दफ्तरी दिरंगाई यांत काही वर्षे गेली. अखेर फ्रायझिंग व हामेलबुर्ग यांसारख्या नगरांच्या जोडीने आखेननेही हे तत्त्व मान्य केले, आणि १९९५ पासून तेथे सौरविजेच्या एका युनिटास सुमारे दोन मार्क, तेही वीस वर्षांच्या मुदतीच्या करारावर, मिळू लागले. इतर ग्राहकांच्या दरात त्यापायी होणारी वाढ फार तर एक टक्का राहील असे बंधन होते. हामेलबुर्गचे हान्स-योझेफ फेल पुढे संसदेत गेले, आणि संसदसदस्य हेरमान शेअर यांच्यासह त्यांनी पुढाकार घेऊन मंजूर करविलेला कायदा १ एप्रिल २००० पासून सर्व जर्मनीस लागू झाला: युनिटास ९९ फेनिग, म्हणजे जवळजवळ एक मार्क, वीस वर्षे. शेतकरी, शिक्षक, पाद्री, कारागीर यांच्या छपरांवर फलक दिसू लागले, कारण आता बँकेस दाखविण्याजोगा निश्चित उत्पन्नाचा दस्तऐवज त्यांच्या हाती होता.

ही मागणी भागविण्यास चीन पुढे सरसावला. ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन या सौरघट-संशोधकांपाशी शिकलेल्या शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये वूशी येथे सनटेक कंपनी काढली, आणि तिच्यामागोमाग असंख्य कारखाने उभे राहिले. उत्पादन दुप्पट झाले की फलकाची किंमत सुमारे वीस टक्क्यांनी घटते, असा जो नियम रिचर्ड स्वॉनसन यांच्या नावाने ओळखला जातो, त्याचा प्रत्यय जगास याच काळात आला. भाव इतके कोसळले की २०१३ मध्ये खुद्द सनटेकचे दिवाळे वाजले. मात्र जर्मन ग्राहकाने सोसलेल्या वाढीव दराचे फळ त्या अवधीत साऱ्या जगातील गृहस्थांच्या पदरात पडले होते, आणि त्यात आपणही होतो.

भारतात या विद्येचा आरंभ उशिरा झाला असे म्हणता येत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५०च्या दशकाच्या आरंभीच सूर्यचूल बनविली होती. पण रानातील सरपण फुकट मिळत असता तिच्यावर पैसे घालण्यास कोणी धजले नाही. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७० च्या दशकात सौरघट निर्माण केले, परंतु सामान्य घराशी त्यांचा संबंध येण्यास मध्ये कर्जाची सोय हवी होती. आपल्या मुलखातील शेतकऱ्यास हे तत्त्व नवे नव्हते. विहीर खणण्याचा खर्च एकदम करावा लागतो व पाणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या मिळते, म्हणूनच १८८३च्या कायद्याने तगाईची, म्हणजे सरकारी शेतकर्जाची, तरतूद झाली होती. सौरफलक ही तशीच छपरावरची विहीर आहे. कर्नाटकात १९९५ मध्ये सेल्को ही संस्था काढणाऱ्या हरीश हांडे यांनी हे मर्म ओळखले. महिन्यास तीनशे रुपयांचा हप्ता जड जाईल पण रोजचे दहा रुपये झेपतील, असे एका फेरीवाल्या बाईने त्यांना सांगितले होते. हप्त्याची मुदत मिळकतीच्या मुदतीशी जुळली पाहिजे हा धडा त्यातून घेऊन त्यांनी ग्रामीण बँकांना कर्जे देण्यास प्रवृत्त केले आणि हजारो घरांत दिवे लावले.

पुढील टप्पे अलीकडचे आहेत. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान आले, २०१५ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने छपरावरील सौरविजेसाठी नेट मीटरिंगचे, म्हणजे जाळ्यात सोडलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याचे, विनियम केले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना जाहीर केली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,०००, म्हणजे एका घरास अधिकांत अधिक ७८,००० रुपये अनुदान त्यात मिळते. तीन किलोवॅटची सामग्री आपल्या उन्हात दिवसाला सरासरी बारा युनिटे देते, म्हणजे वर्षास चार हजारांहून थोडी अधिक. अनुदान वजा जाता पदरचा खर्च एक लाखाचा धरला आणि वाचणाऱ्या युनिटाचे मोल आठ रुपये धरले, तर मुद्दल सुमारे तीन वर्षांत फिटते. फलकाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे असते. इन्व्हर्टर मात्र दहाएक वर्षांनी बदलावा लागतो व धूळ वरचेवर पुसावी लागते, हा खर्च हिशेबात धरणाराच शहाणा.

परंतु याच हिशेबात एक अन्याय दडलेला आहे. आपल्या वीजदरांचे टप्पे असे आहेत की अधिक वापरणाऱ्यास युनिट महाग पडते व थोडे वापरणाऱ्यास स्वस्त. म्हणून ज्याचे देयक मोठे त्याची परतफेड लवकर, आणि महिन्यास शंभर युनिटांत भागविणाऱ्या कुटुंबाची उशिरा. चाळीत, भाड्याच्या खोलीत किंवा पत्र्याच्या घरात राहणाऱ्यास तर हक्काचे छप्परच नाही. चॅपिनच्या चौदा लाख डॉलरांपासून आजच्या लाखभर रुपयांपर्यंतची वाट समाजाने आपला भार वाटून घेतला म्हणून सरली, हे ज्यास पटले त्याने तोच न्याय पुढे चालविला पाहिजे. गृहनिर्माण संस्थांनी सामायिक गच्ची सर्व सभासदांच्या, भाडेकरूंच्याही, उपयोगी पाडावी. सहकारी पतपेढ्यांनी लहान हप्त्यांची कर्जे द्यावीत. आणि आयोगाने अल्प वीज वापरणाऱ्याच्या सौरविजेस खर्च भरून निघेल असा दर द्यावा. आखेनच्या नागरिकांनी भार वाटून घेण्याचे हे काम तीस वर्षांपूर्वी केले. त्यांच्याहून कितीतरी अधिक ऊन लाभलेल्या महाराष्ट्राने ते न करण्यास कोणतेही सबळ कारण नाही.