कारखान्याची मळी कुणाची?

आपल्या यवतमाळात बीट म्हटलं की लाल कोशिंबीर आठवते. पण साखरेचं बीट पांढरं असतं. 1747 मध्ये बर्लिनच्या मार्ग्राफने दाखवून दिलं की बीटातली साखर आणि उसातली साखर एकच. पुढे नेपोलियनच्या काळात इंग्रजांशी व्यापार तुटला, बाहेरची साखर येईना, तेव्हा त्याने 1811 मध्ये फ्रान्सभर बीट लावायचा हुकूम काढला.

साखर काढून झाली की जो काळा, चिकट पाक उरतो, ती मळी, म्हणजे मोलॅसिस. (शेतात टाकतात तो प्रेसमड वेगळा.) गंमत बघा, मळीत जवळपास निम्मी साखरच असते, फक्त तिचे दाणे पाडणं परवडत नाही. बीटाची मळी चवीला कडवट, माणूस खाईना. मग ती गेली गुरांच्या खाद्यात, पावाच्या यीस्टमध्ये आणि अल्कोहोलच्या भट्टीत.

आपल्याकडे हेच काम उसाची मळी करते. उमरखेड तालुक्यात पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना आहे. मधली काही वर्षं तो बंदही होता. कापसाच्या जिल्ह्यात पैनगंगेच्या पट्ट्यात ऊस टिकला तो अशा कारखान्यांमुळे. एक टन उसातून साधारण 40 किलो मळी निघते आणि तेवढ्या मळीतून नऊ-दहा लिटर अल्कोहोल.

आता खरा मुद्दा. 1961 च्या आदेशाने मळीचा दर आणि वाटप सरकारच्या हातात होतं. 1993 मध्ये केंद्राने ते नियंत्रण उठवलं. 2003 पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. काल जी उरलीसुरली होती, तिला आज गिऱ्हाईक रांगेत!

मग शेतकऱ्याचं काय? 2012 मध्ये रंगराजन समितीने सुचवलं की साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड या सगळ्यांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उसवाल्याला मिळावा. महाराष्ट्राने 2013 मध्ये तसा कायदाही केला. म्हणजे मळीत आपला वाटा आहे, हे कागदावर आलंय. पण मळीचं पुढे इथेनॉल झालं की त्या कमाईत वाटा किती, यावरच आज भांडण आहे.

उसाच्या काट्यावर फक्त टन दिसतात. मळीचं मात्र आपणच विचारावं लागतं. घरी कुणी ऊस लावत असेल, तर त्यांना आज एवढं नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!