जुन्या मोटारगाड्यांतील पॉवर स्टिअरिंग व वातानुकूलन

जुन्या मोटारगाड्यांतील पॉवर स्टिअरिंग व वातानुकूलन या लेखात, मूळ बांधणीत या दोन्ही सुविधा नसलेल्या गाडीच्या इंजिनावर पॉवर स्टिअरिंगचा द्रवचालित पंप आणि वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर एकत्र बसविण्याच्या पद्धतीची माहिती दिली आहे. दोन्ही यंत्रे इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरील कप्पीवरून पट्ट्याने फिरतात. त्यामुळे इंजिनापुढील मोजकी जागा, पट्ट्यांची मांडणी, इंजिनाची शक्ती आणि त्याचे शीतन या चार बाबींचा मेळ घालणे हा या कामाचा गाभा आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने प्रीमियर पद्मिनी व तिच्या समकालीन गाड्यांबाबत उद्‌भवतो. मुंबई–पुणे मार्गावरील बोर घाट आणि लोणावळा–मावळ परिसरातील पावसाळी हवामान यांत अशा जोडणीचे गुणदोष विशेष स्पष्टपणे दिसून येतात.

पार्श्वभूमी

मोटारगाडीसाठी पॉवर स्टिअरिंगची व्यवहार्य रचना अमेरिकी अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात विकसित केली. विक्रीसाठीच्या प्रवासी गाडीत ती प्रथम १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियलमध्ये आली. कारखान्यातून वातानुकूलन बसवून मिळणारी पहिली गाडी पॅकार्ड कंपनीची होती. ही सुविधा १९४० च्या मॉडेलसाठी उपलब्ध झाली. त्या काळच्या अमेरिकी गाड्यांची इंजिने मोठी असल्याने या यंत्रांचा भार त्यांना जाणवत नसे.

भारतातील परिस्थिती वेगळी होती. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली. हीच गाडी १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. १,०८९ घन सेंटिमीटरचे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि वर्म प्रकारची स्टिअरिंग पेटी अशी तिची रचना होती. या इंजिनावर एकच पट्टा पाण्याचा पंप, पंखा आणि डायनॅमो फिरवीत असे. आणखी कोणतेही यंत्र फिरविण्याची तरतूद मूळ आराखड्यात नव्हती. कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेल्या ११८ एनई या गाडीत निसानच्या रचनेचे १,१७१ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसा या गाडीला पुढे इसुझूचे १,८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन मिळाले. अतिरिक्त भार पेलण्याच्या दृष्टीने ते पद्मिनीच्या इंजिनापेक्षा बरेच सक्षम होते.

यंत्रणांचे घटक

पॉवर स्टिअरिंग

केवळ पंप बसविल्याने स्टिअरिंग हलके होत नाही. पंपाने निर्माण केलेला दाब चाके वळविण्याच्या कामी लावण्यासाठी झडप असलेली स्टिअरिंग पेटी किंवा रॅक अथवा स्टिअरिंगच्या दांड्यांना जोडलेला द्रवचालित सिलिंडर आवश्यक असतो. पंप बहुधा पात्यांचा असतो. त्यातील एक झडप प्रवाह मर्यादित ठेवते, तर दुसरी ठरावीक दाबानंतर तेल परत फिरविते. गाडी सरळ जात असताना पंपावर फारसा भार नसतो. जागेवर उभ्या गाडीची चाके पूर्ण वळविताना मात्र दाब ७० बार किंवा त्याहून अधिक होतो. मिनिटाला ६ लिटर प्रवाह आणि ७० बार दाब धरल्यास द्रवरूपात ०.७ किलोवॅट शक्ती लागते. पंपातील व पट्ट्यातील घट मिळवल्यास इंजिनावर सुमारे १ किलोवॅट भार येतो.

वातानुकूलन

कॉम्प्रेसरच्या कप्पीत विद्युतचुंबकीय क्लच असतो. वातानुकूलन बंद असताना कप्पी मोकळी फिरते आणि सुरू होताच पूर्ण भार एकदम इंजिनावर येतो. छोट्या गाडीत हा भार साधारणतः ३ ते ४ किलोवॅट असतो, म्हणजे पद्मिनीच्या कमाल शक्तीच्या दहा टक्क्यांहून अधिक. शिवाय रेडिएटरसमोर बसविलेला कंडेन्सर रेडिएटरकडे जाणारी हवा तापवितो. जुन्या यंत्रणांत आर-१२ हे प्रशीतक वापरले जाई. ओझोनच्या थराला ते घातक असल्याने माँट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन थांबविण्यात आले आणि त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. आर-१२ सोबत वापरले जाणारे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. म्हणून जुनी यंत्रणा बदलताना तेल, रबरी कडी आणि शोषक बाटली हेही बदलावे लागते.

पट्ट्यांची मांडणी

दोन्ही यंत्रे फिरविण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

१. स्वतंत्र पट्टे: क्रँकशाफ्टच्या कप्पीला जादा खाचा देऊन प्रत्येक यंत्रासाठी वेगळा व्ही-पट्टा वापरला जातो. एक पट्टा तुटला तरी इतर यंत्रे चालू राहतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. तथापि कप्पीची लांबी वाढते आणि रेडिएटरपर्यंतचे अंतर कमी होते.

२. सामाईक व्ही-पट्टा: एकाच पट्ट्यावर पंप व कॉम्प्रेसर दोन्ही घेतले जातात. जागा वाचते, परंतु कॉम्प्रेसर सुरू होताना बसणाऱ्या हिसक्याने पट्टा घसरल्यास त्याच क्षणी स्टिअरिंगही जड होते.

३. बहुखाची सपाट पट्टा: आधुनिक गाड्यांप्रमाणे एकच रुंद पट्टा आणि स्वयंचलित ताणक वापरून सर्व यंत्रे फिरविली जातात. यात पट्ट्याची पाठ ज्या कप्पीवरून जाते ती कप्पी उलट दिशेने फिरते. पाण्याचा पंप अशा ठिकाणी आल्यास पाण्याचे अभिसरण बिघडते. पट्टा तुटल्यास स्टिअरिंगसह पाण्याचा पंप आणि विद्युतनिर्मितीही बंद पडते.

कोणत्याही पद्धतीत पट्ट्याने कप्पीला पुरेसा वेढा घालणे महत्त्वाचे असते. भार घेणाऱ्या कप्पीवर हा वेढा साधारणतः १२० अंशांहून कमी नसावा, असा संकेत आहे. वेढा कमी पडत असल्यास मधे मोकळी कप्पी बसविली जाते. कप्प्या एका रेषेत असाव्या लागतात. दर ३०० मिलिमीटर अंतरामागे सुमारे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहिल्यास पट्टा कडेने झिजतो व आवाज करतो. नवा पट्टा प्रारंभी ताणला जात असल्याने काहीशे किलोमीटर धावल्यावर त्याचा ताण पुन्हा तपासावा लागतो.

यंत्रांचा वेग कप्प्यांच्या व्यासांच्या गुणोत्तरावर ठरतो. उदाहरणार्थ, क्रँकशाफ्टची कप्पी १३० मिलिमीटर आणि पंपाची १२० मिलिमीटर असेल, तर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असताना पंप सुमारे ८६७ फेरे घेतो. पंपाची कप्पी फार मोठी ठेवल्यास संथ वेगात स्टिअरिंगला पुरेसे तेल मिळत नाही. फार लहान ठेवल्यास वेगात धावताना पंप तापतो.

जोडणीतील दक्षता

पंप आणि कॉम्प्रेसर दोन्ही इंजिनावरच बसवावे लागतात. इंजिन रबरी आधारांवर हलत असल्याने एखादे यंत्र गाडीच्या सांगाड्यावर बसविल्यास पट्ट्याचा ताण सतत बदलत राहतो. कॉम्प्रेसरच्या कंपनांमुळे त्याचा आधार जाड पत्र्याचा व किमान दोन दिशांनी बांधलेला असावा लागतो. कमकुवत आधाराला तडे जातात. वंगण तळाशी राहावे म्हणून कॉम्प्रेसर उलटा बसवीत नाहीत. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची टाकी पंपाहून उंच ठेवतात, अन्यथा तेलात हवा शिरून पंप गुरगुरतो.

सर्वांत मोठा धोका उच्चदाब नळीपासून संभवतो. हे तेल ज्वलनशील असते. पद्मिनीसारख्या गाडीच्या आटोपशीर बॉनेटखाली ही नळी एक्झॉस्टजवळून गेल्यास गळतीतून आग लागू शकते. त्यामुळे नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे, उष्णतारोधक आवरण घालणे आणि चाके दोन्ही टोकांपर्यंत वळवून ती कोठे घासते का हे पाहणे आवश्यक ठरते.

कार्ब्युरेटर असलेले इंजिन भार वाढताच संथ वेगात बंद पडू शकते. यासाठी कॉम्प्रेसर सुरू होताच थ्रॉटल किंचित उघडणारी झडप बसविली जाते. चढावर पूर्ण शक्ती हवी असताना क्लचचा विद्युतप्रवाह तोडणारा स्विचही वापरला जातो.

बोर घाट व मावळातील वापर

पुणे व मुंबई यांना जोडणारा बोर घाटाचा रस्ता १८३० साली वाहतुकीस खुला झाला. खोपोलीपासून समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरांच्या आसपास चढ आहे. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण होण्यापूर्वी ही सर्व वाहतूक जुन्या घाटरस्त्यावरूनच होत असे. दादर–पुणे मार्गावरील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही याच रस्त्याने जात.

चढावर इंजिन जवळजवळ पूर्ण शक्तीने चालते, तर गाडीचा वेग कमी असल्याने रेडिएटरला हवा कमी मिळते. लोणावळ्याच्या उंचीवर हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते आणि त्याच प्रमाणात इंजिनाची शक्तीही. पाण्याचा उत्कलनबिंदूही साधारण दोन अंशांनी खाली येतो. अशा वेळी वातानुकूलन सुरू ठेवल्यास इंजिन उकळण्याचा संभव वाढतो. म्हणून अशा जोडणीसोबत जास्त जाडीचा रेडिएटर, दाबाचे झाकण आणि कंडेन्सरसाठी स्वतंत्र विजेचा पंखा बसविणे आवश्यक मानले जाते.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. लोणावळा–खंडाळा हा राज्यातील अतिवृष्टीच्या प्रदेशांपैकी एक असून जून ते सप्टेंबर या काळात दाट धुके असते. दमट हवेमुळे पुढची काच आतून धूसर होते. वातानुकूलनातून येणारी कोरडी हवा काच स्वच्छ ठेवते, त्यामुळे येथे ही यंत्रणा केवळ चैनीची न राहता सुरक्षिततेची ठरते. सुट्टीच्या दिवशी भुशी धरणाकडील रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. संथ वेग, वारंवार वळणारी चाके आणि सुरू असलेला कॉम्प्रेसर या स्थितीत दोन्ही यंत्रांचा कमाल भार एकाच वेळी इंजिनावर येतो. पाण्याने भिजलेला सैल पट्टाही अशाच वेळी घसरतो.

घाट उतरताना पट्टा तुटल्यास किंवा इंजिन बंद पडल्यास स्टिअरिंगचा चाकांशी असलेला यांत्रिक संबंध सुटत नाही. मात्र चालकाला एकाएकी बरेच जास्त बळ लावावे लागते. पॉवर स्टिअरिंगच्या पेटीचे गुणोत्तर मूळ पेटीहून कमी असल्यास हे बळ मूळ गाडीपेक्षाही अधिक असते.

पर्याय

पट्ट्याची अडचण टाळण्यासाठी विजेवर चालणारा द्रवपंप किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर बसणारी विद्युत मोटर वापरली जाते. त्यामुळे इंजिनापुढे केवळ कॉम्प्रेसरसाठी जागा करावी लागते. तथापि अशी मोटर जागेवर चाके वळविताना कित्येक अँपिअर प्रवाह घेते. डायनॅमो असलेल्या गाडीत आधी अल्टरनेटर बसवावा लागतो. पद्मिनीत गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत असल्याने मोटरसाठी जागाही कमी मिळते.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा पुनरुच्चार केला.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना त्यानुसार ‘व्हीए’ अक्षरांचा नोंदणी क्रमांक मिळतो. सांगाडा, बाह्य ढाचा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी या वर्गात बसत नाही. १९६० च्या दशकातील आणि १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातील फियाट गाड्या या वयोमर्यादेत आल्या आहेत. त्यामुळे सांगाडा कापून किंवा इंजिन बदलून केलेली जोडणी गाडीचा हा दर्जा घालवू शकते. मूळ छिद्रांवर बोल्टने बसणारे आणि पुन्हा काढता येणारे आधार वापरणे व मूळ कप्पी, स्टिअरिंग पेटी जपून ठेवणे हा यावरील प्रचलित मार्ग आहे.

हेही पहा

• प्रीमियर पद्मिनी
• हिंदुस्तान काँटेसा
• बोर घाट
• लोणावळा
• मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग