स्पिरिट बग्गीचा स्मृतिदोष (२००४) : तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक अभ्यास

प्रस्तावना
एखाद्या यंत्रात कायमचा बसविलेला आणि केवळ त्याच यंत्राचे काम पाहणारा संगणक म्हणजे एम्बेडेड प्रणाली होय. नाशिक परिसरात ओझर येथे बांधल्या जाणाऱ्या विमानांपासून सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील यंत्रांपर्यंत अशा प्रणाली आढळतात. सुरू होताना अशी प्रणाली बहुधा फ्लॅश मेमरीतील माहितीवर अवलंबून असते. ते वाचन फसल्यास यंत्र सुरू होते, अडते व पुन्हा सुरू होते. अशा वेळी ‘मेमरी गेली’ असे मानून सुटा भाग बदलण्याकडे सर्वसाधारण कल असतो. नासाच्या स्पिरिट या मंगळावरील बग्गीस २००४ मध्ये याच जातीचा दोष जडला. परंतु तेथे भाग बदलणे अशक्य होते. म्हणूनच कारणाचा शोध मुळापर्यंत घ्यावा लागला. प्रस्तुत लेखात या घटनेची ऐतिहासिक दृष्टीने चिकित्सा केली आहे.

पार्श्वभूमी
फ्लॅश मेमरीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी लावला व १९८४ मध्ये तो जगासमोर मांडला. वीज गेली तरी या मेमरीतील माहिती टिकते. मात्र तीतील एखादे अक्षर वेगळे पुसता येत नाही, संपूर्ण खंड पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक खंड ठरावीक वेळाच पुसता येतो. त्यामुळे कोणती माहिती कोठे आहे याचा हिशेब ठेवणारी स्वतंत्र आज्ञावली आवश्यक ठरते.

घटनाक्रम
स्पिरिट ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरली. २१ जानेवारीस तिचा नेहमीचा संपर्क तुटला. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील केंद्रावर त्या वेळी वादळी हवामान असल्याने प्रथम त्यालाच दोष देण्यात आला. पुढे मिळालेल्या त्रोटक माहितीवरून असे दिसून आले की, बग्गीचा संगणक साठहून अधिक वेळा स्वतःहून पुन्हा सुरू झाला होता. रात्री विश्रांती न घेतल्यामुळे तिची बॅटरीही उतरत चालली होती.

कारणमीमांसा
बग्गीत २५६ मेगाबाइट फ्लॅश मेमरी आणि १२८ मेगाबाइट कार्यकारी मेमरी होती. संगणक सुरू होताना फ्लॅशमधील फायलींची सूची कार्यकारी मेमरीत उतरवून घेतली जाई. सुमारे सात महिन्यांच्या प्रवासातील फायली व मंगळावरील नव्या फायली मिळून ही सूची इतकी वाढली की तिला नेमून दिलेली जागा अपुरी पडली. काम अडले की संगणक स्वतःला पुन्हा सुरू करी, पुन्हा तीच सूची वाचू लागे आणि पुन्हा अडे. जुन्या फायली पुसण्यासाठी काही दिवस आधी आज्ञावली पाठविण्यात आली होती. परंतु ते प्रक्षेपण अपुरे राहिले व ते पुन्हा पाठविण्यापूर्वीच हा प्रसंग ओढवला. अर्थात मेमरीचा पदार्थ शाबूत होता. चूक हिशेबाच्या व्यवस्थेत होती.

उपाययोजना
फ्लॅशला स्पर्श न करता केवळ कार्यकारी मेमरीच्या आधारे सुरू होण्याची आज्ञा बग्गीस देण्यात आली. ही सोय रचनाकारांनी आधीच करून ठेवली होती. चक्र थांबल्यावर फ्लॅशमधील माहिती तपासण्यात आली, अनावश्यक फायली पुसण्यात आल्या व फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपूर्ण फ्लॅश नव्याने आखून घेण्यात आली. नव्वद मंगळदिवसांसाठी आखलेली ही मोहीम मार्च २०१० पर्यंत चालली.

याच्या उलट उदाहरणही उद्बोधक आहे. ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या बग्गीस २०१४ मध्ये असाच त्रास झाला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लॅश नव्याने आखूनही दोष परतला, कारण तेथे मेमरीचा एक भाग खरोखरच झिजला होता. लक्षण सारखे असले तरी कारण भिन्न होते.

निष्कर्ष
या दोन घटनांवरून असे म्हणता येईल की, लक्षणावरून कारण ठरविणे धोक्याचे आहे. आधी दोषी भाग वगळून यंत्र सुरू करणे, मग पुरावा वाचणे आणि त्यानंतरच पुसणे हा क्रम महत्त्वाचा ठरतो. घाईने पुसलेली मेमरी म्हणजे जाळलेले दफ्तर होय. यंत्र कदाचित चालू होईल. परंतु ते का बंद पडले होते हे सांगणारा साक्षीदार उरणार नाही. साधनांची चिकित्सा करणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकास हा क्रम अपरिचित नाही; तंत्रज्ञानाच्या अध्यापनातही त्यास स्थान मिळणे अगत्याचे आहे.