जुहूचे खाजण आणि पावसाळी मुक्काम

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला आणि भारतातील पहिला नागरी विमानतळ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. परंतु प्रारंभीच्या वर्षांत तेथे विमानतळ म्हणावे असे फारसे काही नव्हते. भरतीचे पाणी जेथवर पोहोचते आणि ओहोटीबरोबर ओसरते, अशा खाऱ्या चिखलवट जमिनीला कोकणात खाजण म्हणतात, आणि जुहूची भूमी त्याच जातीची होती. कोरड्या ऋतूत ती उन्हाने टणक होई व हलक्या विमानाचा भार सहज पेली. पावसाळ्यात मात्र वरून पाऊस आणि खालून समुद्र असा दुहेरी मारा सुरू होई, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीच्या म्हणजे उधाणाच्या वेळी विमाने उतरण्याची जागाच पाण्याखाली जाई.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी वैमानिक जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले; तेथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणून विमानात रिकामे करण्यात आले, ही बाब त्या काळच्या जमिनीवरील सोयींची पुरेशी कल्पना देते. या उड्डाणाची तारीख मोसमी पाऊस ओसरल्यानंतरची आहे, याकडे गौरवपर लेखनात सहसा लक्ष दिले जात नाही. टाटांच्या या हवाई टपालसेवेची खरी कसोटी पहिल्या उड्डाणाच्या दिवशी लागली नव्हती. ती पुढच्या जूनपासून लागणार होती.

टाटांच्या ताफ्यातील पस मॉथ हे एका इंजिनाचे, शेपटी जमिनीला टेकवून उभे राहणारे हलके विमान होते. अशा विमानाची पुढची चाके वेगात असताना मऊ जमिनीत रुतली, तर शेपटी वर उचलली जाऊन ते नाकावर आदळण्याचा धोका असतो. म्हणून वैमानिकाच्या दृष्टीने आकाश निरभ्र असणे जितके महत्त्वाचे, तितकेच खालची जमीन चाकाचा भार पेलणारी आहे की नाही हे कळणेही महत्त्वाचे होते. आणि विमानात रेडिओच नसल्यामुळे ही माहिती वाटेत मिळण्याचा काहीच मार्ग नव्हता. यावर टाटांनी काढलेला तोडगा अगदी साधा होता. पावसाळा आला की दोन विमाने, मोजके वैमानिक व यंत्रज्ञ असा सगळा बाडबिस्तरा जुहूहून हलवून पुण्यात येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावर नेला जाई. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर मुंबईच्या उपनगरांत तो दोन हजारांच्या वर जातो. शिवाय पुण्याला भरती-ओहोटी नाही.

जागा बदलल्याने चिखलाचा प्रश्न सुटला, ढगांचा सुटला नाही. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले होते आणि वरच्या थरांतील वारे मोजण्यासाठी तेव्हा ‘पायलट बलून’ची पद्धत रूढ होती. हायड्रोजनने भरलेला फुगा सोडून थिओडोलाइट या कोनमापक दुर्बिणीतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहायचा आणि त्याच्या सरकण्यावरून वाऱ्याची दिशा व वेग काढायचा, अशी ती रीत होती. फुगा ढगात शिरला की निरीक्षण संपले. म्हणजे ढग खाली उतरून घाटमाथा झाकून टाकत, त्याच दिवसांत वरच्या वाऱ्यांची माहिती सर्वांत तोकडी असे. असे असूनही नागरी विमान वाहतूक संचालनालयाच्या १९३३-३४ च्या अहवालात, पश्चिम घाटावरील अवघड पावसाळी महिने धरूनही सेवेने पहिल्या वर्षात शंभर टक्के वेळ पाळल्याबद्दल तिची प्रशंसा करण्यात आली. या यशाचे श्रेय वैमानिकांच्या धाडसाला देण्याची प्रथा आहे आणि ती अयोग्य नाही. तथापि त्यातला मोठा वाटा दरवर्षी मुकाट्याने तळ हलवण्याच्या व्यवहारी शहाणपणाचाही मानला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझ येथे पक्क्या धावपट्ट्या तयार झाल्या आणि १९४८ च्या सुमारास मुंबईची नियमित वाहतूक तिकडे गेली. पक्क्या पट्टीमुळे पावसाळी मुक्कामाची गरज संपली, पण पावसाचा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. चाक आता रुतत नव्हते, ते घसरू लागले. पट्टीवर साचलेल्या पाण्यातून टायर ठरावीक वेगाच्या वर धावला, तर पाण्याला बाजूला सरायला अवधी मिळत नाही आणि पाण्याचा थर टायरला जमिनीपासून उचलून धरतो. मग ब्रेक लावूनही उपयोग होत नाही. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी निगडित असल्याचे दाखवले. म्हणूनच पाणी लवकर निचरावे यासाठी धावपट्टीला मध्यापासून दोन्ही कडांकडे उतार दिला जातो आणि पृष्ठभागावर आडव्या खाचा पाडल्या जातात. तरीही जुलै २०१९ च्या आरंभी मुसळधार पावसात एक प्रवासी विमान मुंबईच्या मुख्य पट्टीपलीकडे गेले आणि ती पट्टी काही दिवस बंद ठेवावी लागली.

पट्टी किती ओली आहे हे पूर्वी शब्दांत सांगितले जाई: दमट, ओली, जागोजागी पाणी, जलमय. एकाची ‘ओली’ ती दुसऱ्याची ‘जलमय’ ठरू शके. ४ नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर एकच पद्धत लागू झाली; तिच्यानुसार धावपट्टीचे तीन भाग कल्पून प्रत्येकाला शून्य ते सहा असा अंक दिला जातो. कोरड्या भागाला सहा, ओल्याला पाच आणि तीन मिलिमीटरपेक्षा खोल पाणी साचलेल्या भागाला दोन. हा अंक मात्र पट्टीवर प्रत्यक्ष फिरून पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने दोन विमानांच्या मधल्या फटीत ठरवायचा असतो, आणि कोकणातली एक जोरदार सर तो काही मिनिटांत जुना करून टाकू शकते.